एकोडीचे ठाकरे आणि यॉर्कशरची ढाल

दिवाळीत एकोडीला गेलो होतो. एकोडी म्हणजे तालुका साकोली, जिल्हा भंडारा. पुण्यातल्या मित्रांना सांगायचं तर नागपूरच्याही पुढे. (नागपूरच्या पुढेही महाराष्ट्र आहे हे ऐकून खरोखर चकित झालेले दोन महाभाग माझ्याच टीममध्ये आहेत. असो.) धान कापणीला आलेलं, बांध्यांमध्ये माणसं, हवेत तो ओला-सुका वास. एकंदरीत लॅपटॉप उघडू नये असं सगळं वातावरण होतं.

तर मोठ्या बाबांच्या बैठकीत एक काचेचं शोकेस आहे. त्यात स्टीलचा ताजमहाल, नातवाची क्रिकेटची ट्रॉफी, कुठल्याशा सत्काराचा फोटो आणि या वेळी एक नवा पांढरा मग. मगावर एक ढाल. ढालीवर शिरस्त्राण, बाजूने पानांची नक्षी, खाली एका पट्टीवर लॅटिनमध्ये काहीतरी आणि त्याच्याखाली ठसठशीत आडनाव. स्पेलिंग टी-एच-ए-सी-के-ई-आर-ए-वाय.

आमच्या घरात आजवर कोणीही हे स्पेलिंग केलेलं नाही. बाबा टी-एच-ए-के-आर-ई लिहितात. माझ्या पासपोर्टवर टी-एच-ए-के-ए-आर-ई आहे, कारण दहावीच्या फॉर्मवर मी तसं लिहिलं आणि ते जन्माचं चिकटलं.

"पाय, हे आपलं निशान होय," मोठे बाबा म्हणाले. "इंग्रजायच्या दप्तरात आपल्या घरान्याची नोंद आहे म्हन्ते."

म्हणणारा माझा न्यू जर्सीतला चुलतभाऊ. त्याने मगासोबत एक फ्रेम केलेलं सर्टिफिकेटही पाठवलं होतं, 'आपल्या आडनावाचा प्राचीन आणि गौरवशाली इतिहास' अशा मथळ्याचं. मोठी आई दर गुरुवारी ती फ्रेम पुसते. मी मग हातात घेतला, उलटा केला, परत ठेवला. पंचाहत्तर वर्षांच्या माणसासमोर काय बोलणार? पण परतीच्या गाडीत डोकं भणभणत होतं. तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट. ही ढाल विकणारी दुकानं कशी चालतात ते प्रोग्रामर मंडळींनी लगेच ओळखलं असेल. एक टेबल, त्यात आडनाव, चित्र आणि तीन परिच्छेद. तुम्ही आडनाव टाइप करा, जवळात जवळ जुळणारी स्ट्रिंग शोधा, पीडीएफ काढा, मगावर छापा. 'ठाकरे' टाकलं की आवाजाला जवळचं जे सापडलं ते आलं. हा प्रोग्राम मी एका दुपारी लिहून देतो, आणि त्यातली निम्मी दुपार जेवणात जाईल.

लंडनमध्ये 'कॉलेज ऑफ आर्म्स' नावाची संस्था १४८४ पासून आहे. इंग्लंडमध्ये कोणाला कुठली ढाल मिरवता येते याची नोंद ठेवणं हेच तिचं काम. तिचं म्हणणं अगदी स्वच्छ आहे: आडनावाला ढाल नसते. ढाल एका माणसाला मिळते आणि त्याच्या थेट पुरुष वंशजांकडे जाते. म्हणजे खुद्द इंग्लंडातल्या एखाद्या थॅकरेनेही, केवळ आडनाव तेच आहे म्हणून, ती ढाल दारावर लावायची नाही. मग साकोली तालुक्यातल्या शोकेसमध्ये ती काय करते आहे?

आता त्या इंग्रजी आडनावाचा खरा इतिहास बघू, कारण तो मगापेक्षा कितीतरी मजेदार आहे.

यॉर्कशरमध्ये ग्रेट टिंबल नावाच्या गावाच्या हद्दीत थॅक्रे नावाची एक जागा होती. जुन्या नॉर्स भाषेत 'थाक' म्हणजे छपराला घालायचं गवत, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा. जिथे छपराचं गवत मिळतं तो कोपरा. मराठीत सरळ भाषांतर केलं तर आडनाव होईल 'गवतकोपरे'. गौरवशाली वगैरे ठीक आहे, पण मुळात ही बोरूच्या बेटाकाठच्या शेतकऱ्याची ओळख आहे. तिथून माणसं दुसऱ्या गावी गेली, तिथल्या लोकांनी त्यांना 'गवतकोपऱ्यातले' म्हटलं, आणि कारकुनाने ते लिहून घेतलं. इंग्लंडात पिढीजात आडनावं साधारण १४०० पर्यंत रुळली, ती बहुतेक अशीच. कोणी लोहार म्हणून स्मिथ, कोणी लिहिणारा म्हणून क्लार्क, कोणी टेकडीपाशी राहतो म्हणून हिल. आपल्याकडच्या रामटेके, नागपुरे, चांदेकर यांचंही तेच. आणि गंमत बघा, गावावरून आडनाव सहसा गाव सोडल्यावरच मिळतं. नागपुरात सगळेच नागपूरचे, तिथे कोणाला नागपुरे म्हणायचं? एकोडीत एकही एकोडीकर नाही.

त्या थॅक्रे वस्तीचं पुढे काय झालं? एकोणिसाव्या शतकात तिथे फ्यूस्टनचा जलाशय बांधला आणि ती जागा पाण्याखाली गेली. आमच्या जिल्ह्यात गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातली माणसं आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

या गवतकोपऱ्यांपैकी एक जण अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला. विल्यम मेकपीस थॅकरे. सिल्हेटला असताना त्याने महसुलापेक्षा हत्तींवर जास्त लक्ष दिलं म्हणतात. हत्ती पकडायचे आणि कंपनीलाच विकायचे. त्याचा एक मुलगा रिचमंड, तोही कंपनीत. रिचमंडचा मुलगा म्हणजे 'व्हॅनिटी फेअर' लिहिणारा कादंबरीकार. आजोबांचंच नाव ठेवलेला, १८ जुलै १८११ ला कलकत्त्यात जन्मलेला.

आणि इथे एक बारीकशी गोष्ट आहे, जी कुठल्याही मगावर छापत नाहीत. रिचमंडला लग्नाआधी कलकत्त्यातच एक मुलगी झाली होती. तिची आई बहुधा मिश्रवंशीय. ही मुलगी म्हणजे कादंबरीकाराची सख्ख्या बापाकडून बहीण. तिचं नाव सारा. आडनाव? रेडफील्ड. बाप तोच, शहर तेच, पण ढाल भावाला आणि रेडफील्ड बहिणीला. आडनाव म्हणजे रक्त असं ज्यांना वाटतं त्यांनी या एका ओळीवर दोन मिनिटं थांबावं.

आणखी एक. रिचमंडचा भाऊ सेंट जॉन थॅकरे धारवाडला कलेक्टर होता. कित्तूरच्या गादीला दत्तक मान्य करायला कंपनीने नकार दिला, राणी चन्नम्मा उभी राहिली, आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या लढाईत हा थॅकरे मारला गेला. आज बेळगाव जिल्ह्यात चन्नम्माचे पुतळे आहेत, थॅकरेचं नाव फक्त तिच्या गोष्टीत येतं. न्यू जर्सीच्या सर्टिफिकेटात 'भारताशी जुने संबंध' असं एक वाक्य होतं बुवा. हे ते संबंध.

मग हे स्पेलिंग महाराष्ट्रात आलं कसं? हत्तीवरून नाही, कित्तूरहूनही नाही. एका मराठी माणसाला एक इंग्रजी लेखक आवडला, म्हणून आलं.

केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार. जन्म १७ सप्टेंबर १८८५, पनवेल. त्यांनी 'माझी जीवनगाथा'मध्ये आपल्या घराण्याची हकीकत सांगितली आहे. पूर्वज धोडपच्या किल्ल्यावर किल्लेदार, म्हणून घराणं धोडपकर. पुढे आजोबा पनवेलला आले, तेव्हा वडील झाले पनवेलकर. आणि या पनवेलकरांनी मुलाला शाळेत घालताना नाव लिहिलं ठाकरे, कारण धोडपकरांच्याही आधीचं घरातलं आडनाव ते असं सांगत. पुढे मुलगा मोठा झाला, थॅकरे वाचला, भारावला आणि इंग्रजीत आपलं आडनाव त्या लेखकासारखं लिहू लागला.

मोजा. थोड्या पिढ्यांत तीन आडनावं आणि वर एक उसनं स्पेलिंग. एक आडनाव किल्ल्याने दिलं, एक गावाने, एक शाळेच्या रजिस्टरने, आणि स्पेलिंग लायब्ररीने! यात कमीपणा काही नाही, उलट मला हे फार आवडतं. जातीच्या आणि भिक्षुकशाहीच्या नावाने जन्मभर ठणठणीत बोलणाऱ्या माणसाने आपलं आडनाव आपल्या आवडीने लिहिलं, आणि घराण्याची नावं कशी बदलली तेही लपवलं नाही. अडचण त्यांची नाहीच. अडचण आपली आहे. आपण त्या स्पेलिंगकडे बघतो आणि उलटा हिशेब मांडतो: स्पेलिंग इंग्रजी, म्हणजे इंग्रजांशी काहीतरी नातं, आडनाव ठाकरे, म्हणजे सगळे ठाकरे एक.

आता आमच्याकडचे ठाकरे.

'ठक्कुर' हा शब्द मध्ययुगीन ताम्रपटांत मानाची पदवी म्हणून येतो. त्यातूनच ठाकूर, ठाकर, ठाकरे, बंगालीत ठाकुर, आणि साहेबाच्या तोंडून टागोर. रवींद्रनाथांचे पूर्वज मुळात कुशारी. कलकत्त्याच्या गोविंदपूरला नदीकाठी राहायला आले तेव्हा तिथले लोक त्यांना 'ठाकुरमशाय' म्हणायचे आणि तेच आडनाव झालं अशी हकीकत सांगतात. म्हणजे पदवी, हाक, आणि आडनाव यांच्यात भिंत नव्हतीच.

आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत इंग्रज राजवटीतला एक कागद आहे. जमिनीचा. त्यात आजोबांचं नाव आहे, पुढे 'वल्द', पुढे पणजोबांचं नाव, मग साकिन एकोडी, मग कौम. संपलं. आडनाव नाहीच! सरकारला महसूल कोणाकडून घ्यायचा ते कळलं की पुरे होतं. मालगुजारी होती तोवर मालगुजार सगळ्यांना चेहऱ्याने ओळखायचा, त्याला आडनाव हवं कशाला? गावातही आम्हाला कोणी ठाकरे म्हणत नाही. अजूनही नाही. आमचं घर बोडीच्या काठाला आहे म्हणून आम्ही 'बोडीवरचे'. (थोडक्यात, गवतकोपरेच की!)

मालगुजारी १९५१ मध्ये गेली. १९५६ च्या जुलैमध्ये मोठ्या बाबांना शाळेत घातलं. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता, मास्तर बालाघाटकडचे हिंदीवाले. त्यांनी आजोबांना विचारलं असेल काहीतरी, आजोबांनी सांगितलं असेल काहीतरी. रजिस्टरला लिहिलं गेलं 'ठाकुर'. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. माझे बाबा १९६३ मध्ये त्याच शाळेत गेले. आता मास्तर मराठी. त्यांनी लिहिलं 'ठाकरे'. एका आईबापाचे दोन मुलगे, एका घरात झोपणारे, एकाचं आडनाव ठाकुर आणि दुसऱ्याचं ठाकरे. मधे काय बदललं? राज्याची हद्द आणि मास्तर.

हे कोणाला खटकलंही नाही, आजोबा जाईपर्यंत. मग जमिनीवर वारसांची नावं चढवायची वेळ आली आणि साहेब म्हणाले, एका बापाची दोन आडनावं कशी? अॅफिडेव्हिट झालं, राजपत्रात नावबदल छापून आणला, आणि मोठे बाबा वयाच्या चाळिशीत 'ठाकरे' झाले. तेच मोठे बाबा आज मगाकडे बोट दाखवून सांगतात की हे आपलं निशाण. मला राग त्यांचा येत नाही. शाळेत ज्यांना आडनाव वाटून मिळालं, त्यांना कोणीतरी सातासमुद्रापारहून सांगतं की तुमचा इतिहास प्राचीन आणि गौरवशाली आहे, तर कोणाला बरं नाही वाटणार? राग त्या विकणाऱ्याचा येतो. आणि त्याहून जास्त, तोच धंदा फुकटात करणाऱ्यांचा. त्यांच्याकडे येतोच आहे.

पण आधी एक आक्षेप. माझी बायको म्हणाली, "तुझं आडनाव रजिस्टरमध्ये आलं म्हणून सगळ्यांचीच खोटी का?" मुद्दा बरोबर आहे. आमच्याच भागातल्या गोंडांची मडावी, उईके, आत्राम, टेकाम ही नावं कोणा मास्तरने वाटलेली नाहीत. त्यांच्यात चार देवांचे, पाच, सहा, सात देवांचे असे गट असतात आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. तिथे कुळाचं नाव खरंच काम करतं. लग्न कुठे जुळतं आणि कुठे नाही ते त्यावरून कळतं. पोवारांची पटले, बिसेन, रहांगडाले, टेंभरे ही कुळंही तशीच, एका कुळात लग्न नाही. म्हणजे नाव हे एक साधन, त्याला एक ठरलेला उपयोग. हे मला मान्य आहे. मला मान्य नाही ते हे, की सात-बारावरचं, पॅनकार्डवरचं, नेमप्लेटवरचं जे आडनाव आज आपण मिरवतो ते आपोआप तेच कुळाचं नाव आहे. कधी आहे, कधी नाही. नाना फडणवीस जन्माने भानू, दप्तरातल्या हुद्द्याने फडणवीस. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले ते पदाने. बाबासाहेबांच्या घराण्याचं नाव सकपाळ, आंबडवे हे गाव, आणि जग ओळखतं ते आंबेडकर. गोव्यात धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव मिळालं, म्हणून फर्नांडिस, डिसोझा, परेरा. त्यांचं पोर्तुगालशी रक्ताचं नातं शोधायला गेलात तर बहुतेकांच्या बाबतीत हात हलवत परत याल. पारश्यांनी तर धंदाच नावाला लावला: बाटलीवाला, कॉन्ट्रॅक्टर, इंजिनिअर. फारुख इंजिनिअर विकेटकीपर होता. मी इंजिनिअर आहे आणि माझं आडनाव ठाकरे. बसवा लॉजिक.

आणि बाहेर बघितलं तर अख्खे देश एका कायद्याने आडनाववाले झाले. जपानमध्ये १८७५ ला सगळ्यांना आडनाव सक्तीचं झालं. तुर्कस्तानात १९३४ चा कायदा. केमाल पाशांना तेव्हाच संसदेने 'अतातुर्क' दिलं. आइसलँडमध्ये अजूनही बहुतेकांना पिढीजात आडनाव नाही, बापाचं (कधी आईचं) नाव पुढे लागतं, आणि देश व्यवस्थित चाललाय. आपल्याच तामिळनाडूतल्या सहकाऱ्यांना विचारा, एका इनिशियलवर त्यांचं आयुष्य निघतं. अडतं फक्त आमच्या फॉर्मवर.

आता फुकट धंदेवाल्यांकडे.

काही वर्षांपूर्वी पुण्यात पौड रोडच्या बाजूला फ्लॅट बघत होतो. घरमालक म्हणजे वयस्कर गृहस्थ, चहा वगैरे दिला.

"ठाकरे म्हणजे... मुंबईचे का?"

"नाही काका, भंडाऱ्याचे."

"अरे वा. लांबचे. मग तुम्ही कोण?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"नाही, ते झालं हो. म्हणजे तसे कोण?"

'तसे कोण'. या दोन शब्दांसाठी मराठीत एक वेगळा कोश काढायला हवा. मी म्हटलं, तसा मी रात्री उशिरापर्यंत जागणारा आहे. ते हसले नाहीत. दोन दिवसांनी फोन आला की भाच्याला द्यायचं ठरलंय. भाचा खराही असेल. पण तो फ्लॅट पुढचे दोन महिने साइटवर दिसत होता.

तुम्हीही आतापर्यंत मनात हाच प्रश्न विचारला असेल, खरं सांगा. वर पोवारांचा उल्लेख आला तेव्हा एकदा, कौम शब्द आला तेव्हा एकदा. ठाकरे पोवारांत आहेत, कुणब्यांत आहेत, नंदुरबारकडे आदिवासींत आहेत, मुंबईत सीकेपींत आहेत. मी यातला कुठला ते मी या लेखात सांगणार नाही. तुम्हाला ते न कळल्याने लेखातला कुठला युक्तिवाद लंगडा पडतो ते मात्र जरूर कळवा.

कारण हा निव्वळ कुतूहलाचा प्रश्न नाही. सुखदेव थोरात (आमच्या विदर्भातलेच) आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास छापला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावात. काही नावं उच्चजातीय वाटणारी, काही दलित, काही मुसलमान. इंटरव्ह्यूचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय नावांच्या तुलनेत दलित नावांना साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुसलमान नावांना एक तृतीयांश. हे कुठल्या खेड्यातल्या चावडीवर नव्हतं हं. इंग्रजी पेपरात जाहिरात देणाऱ्या, आपल्यासारख्यांना नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या. कोणी 'तसे कोण' असं विचारलंही नाही. आडनावच वाचलं.

आता इथे कोणीतरी म्हणेलच की ढालीचा मग आणि घरमालक यांचा काय संबंध, उगाच एकाची टोपी दुसऱ्याला. संबंध सरळ आहे. दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात: आडनावात रक्त साठवलेलं असतं आणि ते वाचता येतं. एक जण त्यातून गौरव काढतो, दुसरा त्यातून नकार काढतो. मगावरचं 'प्राचीन घराणं' जर आपल्याला गोड लागत असेल, तर दुसऱ्याच्या आडनावात 'खालचं घराणं' वाचणाऱ्याला आपण कुठल्या तोंडाने बोलणार? मोठ्या बाबांची ढाल मला म्हणूनच डाचते. ती निरुपद्रवी नाही.

आणि हो, आपण प्रोग्रामरही यात हात धुऊन बसलेलो नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका वित्तसंस्थेच्या प्रोजेक्टवर 'एक कुटुंब' ओळखण्याचा नियम लिहायचा होता. मी काय लिहिलं? आडनाव सारखं आणि पत्ता सारखा, म्हणजे कुटुंब. रिव्ह्यूमध्ये कोणीही हरकत घेतली नाही. टेस्टिंगमध्ये लग्नानंतर नाव न बदललेल्या सगळ्या बायका आपापल्या घराबाहेर पडल्या, आणि एकाच इमारतीतले तीन असंबद्ध पाटील एकमेकांचे नातेवाईक झाले. माझे बाबा आणि मोठे बाबा, १९६३ ते अॅफिडेव्हिटपर्यंत, माझ्याच नियमाने परके ठरले असते. तेव्हा हसून बग फिक्स केला. पॅट्रिक मॅकेन्झीने २०१० मध्ये नावांबद्दल प्रोग्रामर लोकांच्या खोट्या समजुतींची एक यादी लिहिली होती, ती मी नंतर वाचली. तोवर 'लास्ट नेम' या रकान्यासमोर लाल तारा ठोकणाऱ्यांपैकी मी एक होतो. तो लाल तारा म्हणजे आमच्या काळातला बालाघाटचा मास्तर. विचारतो, थांबत नाही, आणि जे येईल ते कायमचं लिहून टाकतो.

गेल्या वर्षी मुलगी झाली. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव घालायचं ठरवलं आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला हा बदल मनापासून आवडला. आम्हा दोघांना वाटलं, पहिल्या तिन्हींत सगळं आलं की! पोरगी कोण, कोणाची. वल्दच्या जागी दोघं. चौथा रकाना रिकामा ठेवू.

खिडकीवरच्या ताईंनी फॉर्म बघितला. "सर, आडनाव राहिलं."

"नाही ताई, मुद्दाम नाही लिहिलं."

"पण ते टाकल्याशिवाय पुढे जात नाही हो." आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. लाल तारा.

मागे रांग होती. बायको म्हणाली, लिही आता. मी म्हटलं, कुठलं? बाबांचं, माझं की मगावरचं? ताईंना यातलं काही कळायचं कारण नव्हतं, त्यांनी माझा पासपोर्ट घेतला आणि त्यातलं बघून टाइप केलं. टी-एच-ए-के-ए-आर-ई.

एकोडीला फोन केला तेव्हा मोठ्या बाबांनी पहिलं तेच विचारलं, स्पेलिंग कोनतं घातलं? सांगितल्यावर जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जाऊ दे. मोठी झाली का बदलते थे. मीबी बदललंच होतं."